गोट्याशिवाय खिंड नाई

मुखरूभाऊ नाल्यात वाकून गोटे निवडून राह्यला होता. एक उचले, हातात तोले, फेकून दे. मंग दुसरा उचले. मोहाची फुलं गळून गेलती, नाला पार कोरडा पडलता, अन् एवढ्या सकाळीबी गोटे कोमट लागत. तो वाकला का त्याचा टोंगळा, म्हंजे गुडघा, कटकन वाजे. मी सगळ्याइच्या मागं उभा होतो तरी मले ऐकू ये.

"हा घ्या बाई तुमचा," म्हून त्यानं कांताबाईच्या हातात लिंबाएवढा गोटा देला. "पर्सात नका टाकू. हातातच राहू द्या."

"हे कशाला?"

"वर खिंडीत ठेवाचा हाय."

"वर दगड नाहीत का?"

"वर गोटेच गोटे हायत. पन वरचा चालत नाई. खालून ज्याचा त्यानं वाहून नेलेलाच पाह्यजे."

कांताबाई हासली अन् गोटा रुमालात बांधला. मुखरूभाऊ मानूस पाहून गोटा दे. म्हातारीले बोराएवढा, पोट्ट्याले आवळ्याएवढा, अन् जो लय बोलून राह्यला त्याले जरासा वजनदार. कांताबाईचा नवरा बसमधून उतरला तवापासून बोलूनच राह्यला होता. त्याले मुखरूभाऊनं चांगला दोन्ही हातात धरावा असा गोटा देला, अन् माह्याकडे पाहून एक डोळा बारीक केला.

तो गोटा लहान राह्यला असता तं पुढचं काईच झालं नसतं. असं मले कितीकदा वाटलं.

आमचं काम असं होतं. पार्कात डोंगर चढाले पाहुने आले का त्याइच्या संगं दोघं जन जात. एक पुढचा, एक मागचा. पुढचा वाट दाखवे, मागचा पाहे का कोनी सुटला तं नाई. पुढचा थांबला का सारे थांबत. मागच्यानं पुढच्याले ओलांडून जाचं नाई. हे कुठी लिहून नोयतं, पन असंच होतं. पुढचा मुखरूभाऊ, मागचा मी.

माहं नाव हिरामन. शाळा आठवीत सोडली. मास्तर चांगले होते, मारत बी नोयते, पन मले बसनं जमत नाई. बाकावर बसलो का पायाले मुंग्या येत. बाप म्हने, "आपल्या मानसाईनं शिकाले पाह्यजे रे, बाबासाहेबानं काय सांगतलं?" म्या म्हनलं, सांगतलं ते खरं हाय, पन माहे पाय आयकत नाई.  म्हून मी पार्कात रोजीवर लागलो, अन् लागलो तवापासून मुखरूभाऊच्या मागं चाललो.

मुखरूभाऊ मडावी, गोंड. आधी बांबू तोडे, मंग उन्हाळ्यात जाळपट्ट्याइवर, वणवा अडवाले गवत जाळाच्या कामावर, जाये, मंग पाहुने वर नेऊ लागला. टायरच्या चपला, डोक्याले फडकं, हातात काठी, अन् ती काठी तो मारासाठी नाई, टेकासाठीच वापरे. लोकाईले वाटते, जंगलातला गोंड म्हनजे त्याले वाघाचं सारं माहीत राहते. मुखरूभाऊले काई नोयतं माहीत. म्हंजे चालन्यापुरतं माहीत होतं. रोज कोनी ना कोनी विचारे, "वाघ दिसेल का?" तो म्हने, "दिसला तं दिसला. तुमी येऊन राह्यले म्हून त्याले कोनी सांगतलं नाई." हासत लोक. मी तीच गोष्ट इतक्या खेपा आयकली होती का मले हासू येत नोयतं. त्यालेबी येत नोयतं. पन विचारलं का सांगे.

थकला होता तो. रात्री त्याची बायको बुधरी मोहाच्या बियाचं तेल गरम करून त्याचे टोंगळे चोळे अन् शिव्या दे. "डोंगर तं जागेवरच हाय ना? मंग तू काऊन रोज पाहाले जातं?" असं म्हने. तो म्हने, "तो नाई ना येत खाली."

त्याले एकच गोष्ट पाह्यजे होती. गेट. पार्काच्या गेटावर लाकडी खोली होती, खोलीत स्टूल होतं. गाडी आली का उठाचं, बांबू वर कराचा, गाडी गेली का बांबू खाली कराचा अन् बसाचं. गेटावर श्रीहरीभाऊ होता, तो म्हातारा झालता अन् लेकाकडे माजरीले राहाले चालला होता. म्हंजे स्टूल रिकामं होऊन राह्यलं होतं. मुखरूभाऊ जातायेता त्या स्टुलाकडे पाहे. म्या एकदा पाह्यलं, श्रीहरीभाऊ पानी प्याले गेलता तं हा त्याच्यावर बसून पाहून राह्यला होता. मले पाहून उठला.

मले बसनं जमत नाई अन् त्याले फक्त बसाचं होतं. म्हून आमची जोडी जमली असंल.

त्या दिवशी सकाळी साहेबानं त्याले बंगल्यावर बोलावलं. साहेब म्हंजे आमचा मोठा साहेब, नाव नाई घेत मी. साहेब म्हने, "मुखरू, नागपूरहून माझा साडू आलाय. बायको आहे, मित्र आहेत. वरच्या तळ्यावर गवे दाखवून आण. खूश झाला पाहिजे. मग तुझं गेटाचं करून टाकू."

मुखरूभाऊ बाहेर आला तवा त्याची चाल बदललेली होती. मले म्हने, "हिरामन, आज नीट."

"नीटच तं चालतो रोज."

"नाई, आज लय नीट. तोंड बंद ठेव."

म्हून म्या ठेवलं. पन गोटे वाटताना वजनदार गोटा त्यानंच देला ना? सवय. हाताले सवय होती.

आता गोट्याचं सांगतो. आमच्या डोंगराले अर्ध्यावर खिंड हाय. खिंडीत वाटेच्या बाजूले गोट्याइचा ढीग हाय, मानसाच्या छातीएवढा. वाघानं जिथी मानूस मारला तिथी येनारजानारानं एकेक गोटा ठेवाचा, अशी इकडे रीत हाय. काई ठिकानी झाडाची डगाळी टाकतात, काई ठिकानी गोटा. मी लागलो तवा पहिल्याच दिवशी मुखरूभाऊनं मलेबी खाली गोटा देला अन् खिंडीत आल्यावर ठेव म्हने. म्या म्हनलं, "भाऊ, आमी बुद्ध लोक हावोत. आमच्यात असं पुजत नाई."

"पुजाले कोन सांगते? देव नाई हाय ना हे. मानूस मेला इथी."

"तरी बी."

मंग तो बसला. गोट्याले टेकून बसला अन् म्हने, "तू विचारून ये घरी. मी बसतो." त्या दिवशी पाहुने नोयते, म्हून बसला. मी खरंच खाली गेलो. बाप अंगनात विडी ओढून राह्यला होता. त्याले सांगतलं. त्यानं जरा विचार केला अन् म्हने, "देवासाठी ठेवू नको. मानसासाठी ठेव." मी तोच गोटा घेऊन वर आलो तं मुखरूभाऊ तसाच बसलेला. म्हने, "पेज नाई आनली संगं?"

तो ढीग कोनाचा हे मले गेटावरच्या श्रीहरीभाऊनं सांगतलं होतं. मुखरूचा धाकटा भाऊ कोलू. बांबू तोडाले गेलता, वाघानं नेला. गावातबी सारे असंच सांगत. म्या मुखरूभाऊले कधी विचारलं नाई. भाऊ मेल्याचं कोन विचारते? मागून चालताना पाहुने विचारत तं मीच सांगो, हळूच, का पुढच्याचा सख्खा भाऊ हाय तो. मंग लोक चूपचाप ठेवत.

तं आमी चढून राह्यलो होतो. मुखरूभाऊच्या मागं साडूसाहेब, म्हंजे कांताबाईचा नवरा, गळ्यात क्यामेरा, खांद्यावर थैला, काखेत तो गोटा. त्याचे दोन दोस्त त्याच्या मागं, मंग कांताबाई, मंग मी. ऊन चढून राह्यलं होतं. सागाची पानं गळलेली, सावली कुठीच नाई, पायाखाली पापडावानी आवाज. वांदरं झाडावरून पाहून राह्यले होते, त्याइच्या अंगातबी उडी माराची ताकद नोयती. एक सांबर दिसलं, म्हंजे त्याचं बूड दिसलं. साडूसाहेबानं फोटो काढेपर्यंत बूडबी गेलं.

"अजून किती?" साडूसाहेब विचारे.

"हे काय, आलीच खिंड," मुखरूभाऊ म्हने. तो नेहमीच असं म्हने. पाहुन्याले खरं सांगतलं का त्याचे पाय तिथीच गळतात.

एका वळनावर साडूसाहेब जरा मागं राह्यला. चपलेत खडा गेला म्हून वाकला. मंग उठला अन् चालू लागला. म्या पाह्यलं का त्याची काख रिकामी. मले वाटलं थैल्यात टाकला असंल. खरं सांगतो, मले तेच वाटलं.

खिंड आली. वारा तिथी थोडा लागते, म्हून सगळे बसले. मुखरूभाऊ काठी टेकून उभा राह्यला, अन् म्हने, "चला, ठेवा एकेक." दोस्ताईनं ठेवले, एकानं हातबी जोडले. कांताबाईनं रुमाल सोडला, गोटा काढला, वाकून नीट जागा पाहून ठेवला. मंग सारे साडूसाहेबाकडे पाहाले लागले.

"मी फेकला," साडूसाहेब म्हने. "केवढा होता तो. क्यामेरा सांभाळू की धोंडा सांभाळू?"

"कुठी फेकला?"

"खाली कुठेतरी. हे बघ, मला या गोष्टी पटत नाहीत. अंधश्रद्धा आहे ही."

"पटू द्या का नका देऊ," मुखरूभाऊ म्हने. "पन ठेवा."

"बरं, हा घे." साडूसाहेबानं पायाजवळचा एक उचलला.

"हा नाई चालत साहेब. हा इथलाच हाय. हा काई चालून आला नाई."

एक दोस्त हासला. त्यानं हासाले नाई पाह्यजे होतं. साडूसाहेबाचं तोंड लाल झालं, उन्हानं आधीच लाल होतं. "चल, चल पुढे. तळं कुठे आहे?"

खिंडीच्या पुढं उतार हाय, उताराखाली तळं, त्या तळ्यावर गवे येत. त्याच्यासाठी तं आले होते ते. मुखरूभाऊनं त्या उताराकडे पाह्यलं. मंग ढिगाच्या बाजूले काठी ठेवली, टोंगळ्यावर हात देला, अन् खाली बसला.

जिथी बसाले नाई पाह्यजे तिथीच बसला. मले मनात शिवी आली.

"हे काय आहे?" साडूसाहेब म्हने.

"तुमचा गोटा आला का उठतो."

"म्हणजे मी खाली जाऊ? या उन्हात? आणि धोंडा घेऊन परत वर येऊ?"

"दमानं या. आमी कुठी चाललो?"

साडूसाहेबाचंबी खोटं नोयतं. त्याचा सदरा पाठीले चिकटलेला, ओठ फाटलेले, घरून पुरीभाजी खाऊन निंघालेला मानूस. कोन जाईन खाली? त्यानं माह्याकडे वळून पाह्यलं. "ए, तुला वाट माहीत आहे ना? तू चल. ह्याला बसू दे."

"मी मागचा हाव," म्या म्हनलं.

"मग?"

"पुढचा उठल्याशिवाय मागचा चालत नाई."

"मी साहेबांना सांगेन."

"सांगा. नाव हिरामन हाय. बापाचं बापूराव."

कांताबाई मधात पडली. "अहो, मी जाते. मी आणते ह्यांच्या वाटचा." लगेच उठली बी. मुखरूभाऊ हात जोडून म्हने, "बाई, तुमचा तुमी ठेवला. बस झालं." मंग तिनं त्याले आपल्या थर्मासातलं पानी देलं. तो ओंजळीनं पेला. तिनं विचारलं, "कोण होतं हे?"

"मानूस," तो म्हने.

तिनं पुन्हा विचारलं नाई. म्या मंग हळूच तिच्या कानात सांगतलं का याचा सख्खा भाऊ हाय.

मी मुखरूभाऊच्या बाजूले जाऊन टेकलो. हळूच म्हनलं, "भाऊ, गेट."

"माहीत हाय."

"टोंगळे पाह्यले का आपले? अजून किती उन्हाळे वर येशील तू? एक गोटा नाई ठेवला तं काय डोंगर पडून राह्यला?"

"नाई पडत."

"मंग?"

 ढिगातला एक गोटा घसरला होता तो त्यानं उचलून नीट बसवला. मंग म्हने, "याले सोडलं तं उद्याचा बी फेकंल. परवाचा बी फेकंल. मंग इथी कोन ठेवंल, सांग?"

"मी ठेवीन. रोज ठेवीन."

"तू तं ठेवशीलच रे. तुले कोन म्हनून राह्यलं?"

 मले राग आला होता त्याचा, अन् त्याच्या त्या बसन्याचाबी. लाथ मारून उठवावं वाटे. पन खाली जाऊन कोनी म्हनलं असतं का मुखरू येडा हाय, तं त्याचे दात म्या पाडले असते. असं दोन्ही होतं.

सावली फिरली. कोनी उठलं नाई. शेवटी साडूसाहेबच उठला, थैला खांद्यावर घेतला अन् आल्या वाटेनं खाली चालू लागला. तळं नाई, गवे नाई, काई नाई. दोस्त त्याच्या मागं गेले. मुखरूभाऊले घाईनं उठावं लागलं, कारन खाली जातानाबी पुढचा पुढंच पाह्यजे. टोंगळा असा वाजला का कांताबाईनं मागं वळून पाह्यलं. लंगडत लंगडत तो साऱ्याइच्या पुढं गेला अन् वाट दाखवू लागला. साडूसाहेब त्याच्या मागून चालला.  तो गोटा वळनावर वाटेतच पडला होता. मले दिसला, मुखरूभाऊलेबी दिसला. दोघाईनं ओलांडला. त्याचा गोटा आमी कसा उचलावा?

साहेब रागावला नाई. तेच मले लय लागलं. संध्याकाळी मुखरूभाऊले म्हने, "तू चालायलाच चांगला आहेस, मुखरू. गेटाचं राहू दे." मुखरूभाऊ "जी" म्हने अन् निंघून आला. श्रीहरीभाऊ माजरीले गेला, स्टूल काई दिवस रिकामंच राह्यलं. मंग साहेबानं मले बोलावलं. "हिरामन, तू बसतोस का गेटावर?"

"मले बसनं जमत नाई साहेब."

"पक्की नोकरी होईल पुढे."

"मुखरूभाऊले द्या. नाई तं मले नको."

घरी बाप लय बोलला. माय रुखमाबाई तं जेवलीच नाई. मुखरूभाऊले समजलं तवा तोबी बोलला. "येडा हायस का बे? माह्यापायी?" म्या म्हनलं, "तू कोनापायी बसला होता? मी विचारलं का तुले?" मंग तो हासला. गेटावर सुकलू नावाचा पोट्टा लागला. तो स्टुलावर झोपे.

आमी चालतच राह्यलो. अजून दोन उन्हाळे. तो हळू हळू चालू लागला, म्हून पाहुने कुरकुरत. मी मागून वरडो, "घाई कायची हाय, वाघ काई बस पकडाले नाई जाऊन राह्यला." त्याच्याचवानी गोष्ट त्याच्यासाठी सांगो. तो पुढून काठी हालवे. पन गोटे निवडाले तो रोज वाके. म्या म्हनलं, "भाऊ, मी निवडतो, तू बस." तं म्हने, "तुले मानूस वळखता येत नाई. तू साऱ्याले सारखाच देशील." अन् हळूच म्हने, "बोलनाऱ्याले बी आता लहानच देत जाऊ."

औंदा पोळ्याच्या आधी तो गेला. ताप आला, उतरला, पुन्हा आला, अन् एका सकाळी उठलाच नाई. आमी माती देली. मंग चार दिवसांनी मी बुधरीबाईकडे गेलो. ती अंगनात बसून तेलाची शिशी पुसून राह्यली होती. आता कोनाले लावाचं ते तेल?

म्या म्हनलं, "बाई, पार्क उघडलं का मी पुढचा होईन. कोलूभाऊच्या ढिगावर गोटा राहीन, काळजी नको करू. गोट्याशिवाय कोनाले खिंड ओलांडू नाई देत मी."

तिनं माह्याकडे पाह्यलं. "कोलूच्या?"

"हो. खिंडीतल्या."

"कोलू तं घरीच मेला रे. तापानं. इथीच, या खाटेवर. त्याच्या नावाचा गोटा गावाच्या मागं हाय, सासऱ्याच्या बाजूले."

मले काई समजे ना. म्या म्हनलं, "सारे तं म्हनतात—"

"दोघं एकाच मोसमात गेले. लोकाईनं एक करून टाकले." तिनं शिशीचं बूच लावलं. "वर तो दुसरा हाय. सिरोंच्याकडून आला होता बांबू तोडाले, एकटाच. तेलुगू बोले, कोनाले समजत नोयतं. आठ-पंधरा दिवस झाले असतील त्याले येऊन. वाघानं नेला तं बाकीचे भिऊन पळाले, ठेकेदारानं बी डेरा उचलला. जे सापडलं ते मुखरूनं तिथीच पुरलं अन् पहिला गोटा ठेवला. त्याच्या घरचं कोनी येईन म्हून लय दिवस वाट पाह्यली यानं. कोनी आलं नाई."

"मंग भाऊ म्हून काऊन चालू देलं यानं?"

"यानं कुठी सांगतलं भाऊ म्हून? तुमीच सांगत. यानं फक्त नाई म्हनलं नाई. परक्यासाठी कोन गोटा वाहून नेते?"

मी उठलो. बसनं जमलं नाई. दारापर्यंत गेलो अन् मागं वळून विचारलं, "बाई, नाव काय होतं त्याचं?"

"नाव मुखरूलेबी माहीत नोयतं," ती म्हने.